लहान मुलांसोबत लांबची सायकल सहल: तयारी कोणत्या क्रमाने करायची

लहान मुलांना घेऊन पाच-सहा दिवसांच्या सायकल सहलीला निघालेलं कुटुंब दुसऱ्याच दिवशी माघारी फिरतं, तेव्हा दोष चढाला किंवा उन्हाला दिला जातो. मला मात्र बहुतेक वेळा चूक घरीच झालेली दिसते. आधी नकाशा उघडतात, मग रोजचे किलोमीटर ठरवतात, मग सामान भरतात, आणि उरलेल्या जागेत, उरलेल्या वेळेत मुलाला बसवतात. हा क्रम उलटा आहे. पहिल्यांदा मुलाचा दिवस बघायचा, मग त्याची बसायची सोय, मग सराव, मग रस्ता. रोज किती अंतर कापायचं हे सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलने लिहायचं.

खालचे टप्पे साधारण एक ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. मधला कोणताही टप्पा गाळू नका. नवा ट्रेलर, म्हणजे सायकलच्या मागे जोडायची मुलांची छोटी गाडी, घरात आला की पुढच्याच शनिवारी निघावंसं वाटतं. तो मोह आवरा.

## टप्पा १: मुलाचा दिवस वहीत उतरवा

चार दिवस एक वही जवळ ठेवा. मूल कधी उठतं, भूक कधी लागते, दुपारी कधी आणि किती वेळ झोपतं, किरकिर कोणत्या वेळी सुरू होते, एका जागी न कंटाळता किती वेळ बसतं, हे सगळं घड्याळ बघून लिहा. अंदाजाने लिहू नका. अडीच वर्षांचं मूल ‘तासभर सहज बसतं’ असं आईबाबांना वाटत असतं आणि वहीत पंचवीस-तीस मिनिटं निघतात. सहलीचा प्रत्येक दिवस याच पानावरून आखायचा आहे.

त्याच पानावर मुलाचं आजचं वजन लिहा. सीट आणि ट्रेलर निवडताना ते लागेल, आणि प्रवासात ताप आला तर औषधाचा डोसही वजनावरच ठरतो.

एक वर्षाच्या आतलं बाळ सायकलवर नेऊ नका. आधाराशिवाय नीट बसता येणं आणि हेल्मेटचं ओझं मानेला पेलणं, या दोन्ही गोष्टी त्याआधी भरवशाच्या नसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बारा महिन्यांआधी बाळाला सायकलवर नेऊ नका असंच सांगते. ‘आमचं बाळ दणकट आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

## टप्पा २: बसायची सोय ठरवा

मागची सीट. बहुतेक सीट ९ ते २२ किलो वजनासाठी असतात. हँडलजवळ बसवायच्या पुढच्या सीटची मर्यादा साधारण १५ किलोलाच संपते. नेमका आकडा सीटवरच छापलेला असतो, तो वाचा. मागच्या सीटवर गुरुत्वमध्याची एक खूणही असते. ती मागच्या चाकाच्या आसाच्या १० सेंटिमीटरपेक्षा मागे जाता कामा नये. तशी गेली तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डुगडुगतं. सीट कॅरिअरवर बसणारी असेल, तर कॅरिअर किती किलोचं आहे तेही बघा.

लांबच्या सहलीसाठी मागच्या सीटच्या दोन अडचणी आहेत. मूल झोपलं की मान लोंबते. शिवाय मुलाचे पाय जिथे येतात तिथेच कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या लागतात, म्हणून सामान पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना न्यावं लागतं. दिवसाला दोन तास सायकल चालवायची असेल तर सीट पुरते. त्याहून जास्त चालवायची असेल, तर मी ट्रेलरच सुचवेन.

ट्रेलर. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, विशेषतः दोन मुलं असतील तर, हीच सोय बरी. मूल आत झोपतं, खेळतं, ऊन-पाऊस थोपवता येतो, आणि सायकल कलंडली तरी बरेचसे ट्रेलर आपल्या चाकांवर उभेच राहतात. दोन मुलांचा ट्रेलर ८० सेंटिमीटरहून रुंद असतो. ही रुंदी मोजून वहीत लिहा, रस्ता निवडताना लागेल.

मागून जोडायची अर्धी सायकल. एक चाक, पेडल आणि हँडल असलेली ही सायकल तुमच्या सायकलला मागून जोडली जाते. चार-पाच वर्षांपासून पुढे चालते. मूल पेडल मारतं, मारलं नाही तरी बिघडत नाही. मात्र त्याला हँडल स्वतः धरून बसावं लागतं, म्हणून दुपारी पेंगणाऱ्या मुलाला तिच्यावर बसवू नका.

स्वतःची सायकल. सहा-सात वर्षांपासून, आणि तेही सरळ रेषेत चालवणं, हाक ऐकून लगेच थांबणं आणि एका हाताने इशारा करणं जमत असेल तरच. सीटवर बसून पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि ब्रेकचा लिव्हर त्याच्या बोटांना सहज आवळता आला पाहिजे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून घेतलेली मोठी सायकल सहलीला नेऊ नका.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त आजच्या वजनावर आणि उंचीवर निवड करणं. सहल चार महिन्यांनी असते, तोवर मूल वाढतं. मूल वजनाच्या मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर त्याहून मोठ्या मुलांसाठीची सोय निवडा.

सावधान: तुमच्या सायकलची फ्रेम कार्बनची असेल, तर उत्पादकाने सीट किंवा ट्रेलर जोडायला परवानगी दिली आहे का हे आधी बघा. अनेक उत्पादक ती देत नाहीत. मागचा आस आरपार जाणारा (थ्रू-ॲक्सल) असेल, तर ट्रेलरच्या जोडणीसाठी त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा वेगळा आस घ्यावा लागतो. हे निघायच्या आदल्या रात्री लक्षात आलं तर काहीही करता येत नाही.

## टप्पा ३: स्वतःच्या सायकलचा हिशोब करा

तुम्ही, सायकल, ट्रेलर, मूल आणि सामान मिळून १३० किलो सहज भरतात. ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरमागे ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, ताशी ६ किलोमीटरने जायलाही केवळ हे वजन वर नेण्यात १०० वॅटहून जास्त ताकद जाते. सवयीच्या माणसाला ती झेपते, पण गिअर हलका असेल तरच.

हलका म्हणजे किती? मोठ्या चाकाच्या सायकलला पुढे २६ दाते आणि मागे ३६ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दीड मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी साडेपाच किलोमीटर होतात. गुडघ्यांना हे सोसतं. पुढे ३८ आणि मागे २८ असतील, तर त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम ३०-३२ फेरे पडतात आणि प्रत्येक फेरा उभं राहून रेटावा लागतो. ट्रेलर मागे असताना उभं राहून पेडल मारलं की तो हिसके देतो आणि आतलं मूल वैतागतं. पुढचं सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राहून लहान असलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

ब्रेकच्या गादीत थोडाच जीव उरला असेल तर निघण्याआधी बदला. वजन वाढलं की थांबायचं अंतर वाढतं आणि लांब उतारावर ब्रेक तापतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर रिम तापून ट्यूब फुटूही शकते.

तपासा: भरलेल्या वजनासह उतारावर दोन्ही ब्रेक लावून बघा. सायकल सरळ थांबते का? मागून ट्रेलर ढकलतो का?

## टप्पा ४: हेल्मेट आणि पट्टे

हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी, बाजूचे पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा राहावी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या.

ट्रेलरमध्ये एक त्रास बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हेल्मेटचा मागचा फुगवटा पाठीला टेकतो आणि मुलाची मान पुढे ढकलली जाते. मूल रडतं आणि आपल्याला वाटतं त्याला ट्रेलर आवडत नाही. मागे सपाट असलेलं हेल्मेट घ्या, किंवा डोक्यामागे जाळीची खोलगट जागा असलेला ट्रेलर बघा.

बुटाच्या नाड्या, ओढणी, टोपीची दोरी यांतलं काहीही चाकाकडे लोंबता कामा नये. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाची बोटं तुमच्या सीटखालच्या स्प्रिंगमध्ये जाऊ शकतात, म्हणून स्प्रिंग झाकून घ्या.

## टप्पा ५: सराव

हाच टप्पा गाळला जातो, आणि सहली मोडतात त्या यामुळेच. पाच पायऱ्या आहेत. प्रत्येकीनंतर किमान एक दिवस जाऊ द्या.

1. उभ्या ट्रेलरमध्ये खेळ. घरात किंवा अंगणात. मूल आत बसेल, पट्टा लावेल, पुस्तक बघेल, बाहेर येईल. सायकल जोडू नका.
2. मुलाशिवाय, पण वजनासह. ट्रेलरमध्ये मुलाच्या वजनाएवढ्या पाण्याच्या बाटल्या बांधा आणि मोकळ्या जागेत वळणं घ्या, ब्रेक लावा, चढ चढा. ट्रेलरचं आतलं चाक वळणावर कधी उचललं जातं हे इथे समजलं पाहिजे, मुलासोबत नव्हे.
3. मुलासह पाच किलोमीटर. शेवटी खेळायची जागा हवी. मुलाच्या डोक्यात सायकल आणि खेळ यांची सांगड पहिल्याच दिवशी बसली पाहिजे.
4. अर्धा दिवस, झोपेच्या वेळेसह. झोप चालत्या ट्रेलरमध्ये लागते का, किती टिकते, थांबल्यावर मोडते का, हे वहीत लिहा.
5. एक मुक्काम. घरापासून १५-२० किलोमीटरवर, पूर्ण सामानासह. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत.

आम्ही पाचवी पायरी केली तेव्हा रात्री नऊ वाजता लक्षात आलं की मुलाचं झोपायचं पांघरूण सगळ्या सामानाच्या तळाशी आहे आणि ते काढायला सगळ्या पिशव्या उपसाव्या लागतील. मूल रडून रडून झोपलं. घर जवळ होतं म्हणून ती चूक तेवढ्यावर निभावली.

सावधान: एखादी पायरी बिघडली तर पुढे जाऊ नका, तीच पुन्हा करा. मूल सलग दोनदा रडून उठलं तर कारण शोधा. पट्टा काचतो का, ऊन तोंडावर येतं का, पाय लोंबकळतात का, हे आधी बघा.

## टप्पा ६: रस्ता आणि मग अंतर

आता नकाशा उघडा. रस्ता निवडताना या क्रमाने बघा: वाहनांची वर्दळ, रस्त्याचा पृष्ठभाग, चढ, थांबायच्या जागा. देखावा सगळ्यात शेवटी. रेल्वेच्या जुन्या, बंद पडलेल्या मार्गांवर केलेले सायकलरस्ते, कालव्याकाठचे आणि नदीकाठचे रस्ते कुटुंबांना सोयीचे असतात. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे तिच्या जुन्या मार्गावर तुम्हालाही तसा चढ लागत नाही. अशा रस्त्यांवर वाहनं अडवायला लावलेल्या खांबांमधून किंवा फाटकांतून ट्रेलर जातो का, हे आधी शोधा. टप्पा २ मध्ये मोजलेली रुंदी इथे कामाला येते.

अंतर काढायची माझी रीत अशी. समजा वहीप्रमाणे मूल जागेपणी ४० मिनिटं बसतं आणि दुपारी ७५ मिनिटं झोपतं. सकाळी ४० मिनिटांचे दोन टप्पे, झोपेचा ७५ मिनिटांचा एक, दुपारनंतर ३० मिनिटांचा एक. एकूण १८५ मिनिटं चाकं फिरतील. ट्रेलरसह सपाट रस्त्यावर ताशी ११ किलोमीटर धरा. दिवसात २०० मीटर चढ असेल, तर ५ टक्क्यांच्या चढावर, टप्पा ३ मधल्या ताशी ६ किलोमीटरने, त्याला ४० मिनिटं लागतात आणि त्यात फक्त ४ किलोमीटर होतात. उरलेल्या १४५ मिनिटांत २६-२७ किलोमीटर. म्हणजे दिवस ३० किलोमीटरचा. एकट्याने १०० किलोमीटर करणाऱ्याला हा आकडा पटत नाही, पण खरा तोच आहे.

पहिल्या दिवशी याच्याही दोनतृतीयांशच ठेवा. दर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी सायकल बंद. स्वतःची सायकल चालवणाऱ्या सहा-आठ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला १५ ते २५ किलोमीटर धरा. लहान चाकामुळे तुमच्या एका फेऱ्याला त्याला जास्त फेरे मारावे लागतात, हे विसरू नका.

तपासा: प्रत्येक दिवसाच्या मध्यावर मुक्काम करता येईल अशी एक पर्यायी जागा आहे का? सायकल आणि ट्रेलर घेऊन घरी परतता येईल असं वाहन कुठून मिळेल? दोन्हींची उत्तरं कागदावर हवीत.

## टप्पा ७: सामान

आधी सगळं जमिनीवर मांडा, वजन करा, मग कमी करा. कपडे आपण नेहमी जास्त घेतो आणि ट्यूब कमी. ट्रेलरची, मुलाच्या सायकलची आणि तुमची अशी प्रत्येक मापाच्या चाकाची एक जादा ट्यूब हवी. ट्रेलरचं चाक पंक्चर झाल्यावर मोठ्यांची ट्यूब तिथे बसत नाही. पंपाचं तोंड या सगळ्या चाकांच्या व्हॉल्व्हला चालतं का ते बघा. ट्रेलरच्या जोडणीची खीळ हरवली तर जागच्या जागी अडकाल, म्हणून ती एक जादा घ्या.

ट्रेलरमध्ये जड वस्तू तळाशी आणि आसाजवळ ठेवा. सगळं ओझं सीटच्या मागच्या कप्प्यात कोंबलं, तर मूल उतरल्याबरोबर ट्रेलर मागे कलतो आणि त्याचा जोडणीचा दांडा सायकलचं मागचं चाक उचलू बघतो. भरून झालं की दांडा हाताने उचलून बघा, तो जरा जड लागायला हवा.

रात्रीचं पांघरूण, झोपताना लागणारं खेळणं, एक जोडी कोरडे कपडे, खाऊ आणि औषधं एका वेगळ्या पिशवीत, सगळ्यात वर. ताप उतरवणारं औषध मुलाच्या वजनानुसार किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून बाटलीवरच लिहून ठेवा. क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं घ्या आणि पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात ती कालवा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा.

## टप्पा ८: रस्त्यावरचा दिवस

निघण्याआधी तीन मिनिटं. हवा, ब्रेक, ट्रेलरची खीळ, खिळीसोबत फ्रेमभोवती बांधायचा सुरक्षापट्टा, मुलाचा पट्टा, हेल्मेट. रोज याच क्रमाने, हात लावून तपासा.

चढवायचा आणि उतरवायचा क्रम. सामान आधी, मूल शेवटी. थांबल्यावर मूल आधी, सामान नंतर. सीटवर मूल बसलेलं असताना सायकल स्टँडवर सोडून एक पाऊलही दूर जाऊ नका. पाण्याची बाटली काढायला वळलात तेवढ्यातही सायकल कलंडते. एक हात कायम सायकलवर ठेवा.

रस्त्यावरची रांग. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे, एक मागे, मूल मध्ये. मागच्याने वाहनांच्या बाजूला थोडं बाहेर चालवावं, म्हणजे मागून येणारं वाहन मुलाला नव्हे, त्याला वळसा घालून जातं. एकच मोठा माणूस असेल तर त्याने मुलाच्या मागे राहावं. ‘मी पुढे रस्ता दाखवतो, तू माझ्या मागे ये’ ही फार सहज होणारी चूक आहे, कारण मागचं मूल दिसतच नाही. ‘थांब’, ‘कडेला’, ‘गाडी’ असे तीनच शब्द ठरवा आणि ओरडून फक्त तेच वापरा.

वळण आणि उतार. ट्रेलर उलटतो तो वेगात घेतलेल्या वळणावर, किंवा त्याचं एक चाक दगडावर नाहीतर फुटपाथच्या कडेवर चढलं तर. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नव्हे. लांब उतारावर मध्ये थांबून ब्रेक निवू द्या. स्वतःची सायकल चालवणाऱ्या मुलाला तीव्र उतारावर सायकलवरून उतरवून पायी न्या. चढावर त्याला दोरीने ओढत असाल, तर माथ्यावर पोहोचताच दोरी सोडा.

अंगाचं तापमान. तुम्ही घाम गाळत असता आणि बसलेलं मूल गारठत असतं. उलट पावसाचं कव्हर बंद करून ऊन आलं की ट्रेलर आतून झपाट्याने तापतो. हातपाय चाचपून काही समजत नाही, दर थांब्यावर मानेमागे हात लावा. मान गार लागली तर एक थर चढवा, घामेजली तर एक उतरवा आणि कव्हर उघडा. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

थांबे. मूल रडायच्या आधी थांबा. वहीत ४० मिनिटं असतील तर ३५ ला. थांबा म्हणजे मुलाने उतरून पळणं. तुम्ही फोन बघता आणि ते पट्ट्यात बसून राहतं, याला थांबा म्हणत नाहीत. झोपेचा वेळ मात्र पुरेपूर वापरा. दिवसातला सगळ्यात सपाट, सगळ्यात गुळगुळीत तुकडा त्या वेळेसाठी राखून ठेवा. मूल मागच्या सीटवर असेल तर झोपेच्या वेळी सायकल थांबवा.

मुक्कामी दुपारी तीन-चारपर्यंत पोहोचा. अंधार पडताना तंबू लावायचा, जेवण करायचं आणि दमलेलं मूल सांभाळायचं, ही तिन्ही कामं एकाच वेळी होत नाहीत.

## टप्पा ९: कधी थांबायचं, कधी परत फिरायचं

हे निघण्याआधी ठरवा, कारण रस्त्यात दोघांचं मत जुळत नाही. आमच्या अटी अशा आहेत. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील तर त्या दिवशी सायकल नाही. मूल सुस्त पडलं, लघवी होत नाही, पाणी पोटात राहत नाही, तर सायकल सोडून गाडीने डॉक्टरकडे. समोरचा वारा इतका असेल की सपाट रस्त्यावर वेग चढासारखा पडतो, तर दिवसाच्या मध्यावरच्या पर्यायी जागेत मुक्काम. सलग दोन दिवस मुलाने सकाळी ट्रेलरमध्ये बसायला नकार दिला, तर एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि त्यानंतरही नकार असेल तर परत.

रोज रात्री मूल झोपल्यावर वही काढा. आज किती वेळ बसलं, झोप किती लागली, रडलं ते कुठे आणि कशामुळे, हे लिहा. मग उद्याच्या अंतरावर पेन्सिल फिरवा.